ढिगाची वाफ

सातवीच्या मुलांनी शाळेमागच्या कोपऱ्यात खताचा ढीग लावला, तेव्हा देखरेख माझ्याकडे आली, कारण त्यांची वर्गशिक्षिका मी. डब्यात उरलेलं, फळांची सालं, मैदानातली वाळकी पानं, सगळं विटांच्या चौकोनात थराथराने टाकायचं, पाणी शिंपडायचं, फावड्याने वरखाली करायचं. शाळेचा ओला कचरा फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा मुलांचा पणच होता.

ढिगाचं तापमान घेणाऱ्या मुलीला वर्गाने ‘थर्मामीटर’ हेच नाव ठेवलं. रोज मधल्या सुट्टीत ती लांब दांड्याचा तापमापक ढिगात खुपसायची, आकडा तक्त्यावर लिहायची, आणि तरी समाधान नाही म्हणून हात कोपरापर्यंत आत घालून पाहायची.

“बाई, तुम्ही पण घाला ना हात. आत नुसती भट्टी आहे.”

मी हसून टाळायची. माझा नेम आहे. पहाटे अंघोळ, वाचन, आणि दुपारचं जेवण होईपर्यंत सडकं-खरकटं हाताला लागू द्यायचं नाही. पंचवीस वर्षांत तो मोडलेला नाही. मुलांना मी तसं सांगितलं, त्यांनीही ते मानलं. पण जेवण झाल्यावर तरी मी तिकडे कुठे जात होते? नेम अर्ध्या दिवसाचा होता, किळस पूर्ण दिवसाची. ती मी नेमाच्या आड लपवली.

त्यामुळे महिनाभर मी ढीग पाहिला तो दहा पावलांवरून, नाकाला रुमाल लावून. चौथ्या आठवड्यात वास वाढला, सकाळी सकाळी त्यातून वाफा निघायला लागल्या. सोमवारी शाळांच्या पर्यावरण स्पर्धेचे परीक्षक येणार होते. मला वाटलं, सडलं सगळं. आता पोरं सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. खरं तर मीच पडणार होते, पण तेव्हा मी पोरांचंच नाव घेतलं.

रविवारी मी रोपवाटिकेतून तयार खताची सहा पोती आणवली आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलावून घेतलं. त्यांनी ढिगात फावडं घातलं आणि थांबल्या.

“बाई, हे सडलेलं नाही हो. शिजतंय. अजून महिनाभर ठेवा, सोनं होईल.”

“मावशी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?” मी म्हटलं. आवाज न चढवता म्हटलं. आवाज चढवला नाही, याचं मला तेव्हा बरंही वाटलं.

त्यांनी पुन्हा फावडं उचललं. दुपारपर्यंत चौकोन रिकामा करून नवं खत भरलं आणि जुनं सगळं कचरागाडीत गेलं.

सोमवारी मुलं नाचायचीच बाकी होती. काळंभोर, भुसभुशीत, मातीचा वास. थर्मामीटरने आकडा घेतला, सव्वीस. “गार पडलं. म्हणजे तयार झालं,” तिने सगळ्यांना सांगितलं.

परीक्षक गृहस्थांनी मूठभर खत हातात घेऊन चुरलं. “चार आठवड्यांत? आमच्याकडे तीन महिने लागतात. काय केलंत वेगळं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुम्ही सांगा ना.”

“वाळकी पानं जरा जास्त घातली,” मी म्हणाले.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बाकीच्या शाळांनाही कळवतो, म्हणाले. संध्याकाळी स्पर्धेची ढाल आमच्या शाळेला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत थर्मामीटर तक्ता घेऊन आली. मागे तिच्या गटाची चारपाच मुलं. तिने बोट ठेवलं. बावन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न. शनिवारी अठ्ठावन्न. सोमवारी सव्वीस.

“बाई, ढीग असा एका दिवसात गार पडत नाही. मी रात्री पुस्तकात बघितलं. रविवारी काय झालं?”

तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं ते विचारणं होतं. त्यामुळेच मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं, पोत्यांपासून कचरागाडीपर्यंत. मावशींना काय म्हणाले तेही.

मग एकाने विचारलं, “म्हणजे आमचं कुठंय?”

“गेलं,” मी म्हणाले.

“आणि ते बरोबर चाललं होतं?”

“हो.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या लहानशा ‘हो’मध्ये कळलं. थर्मामीटर ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने तक्त्याची घडी घातली, चार पदरी, नीट, आणि सगळे निघून गेले.

शेवटच्या तासाला ती परत आली. हातात मुख्याध्यापिकांच्या नावे अर्ज होता. खताच्या प्रकल्पासाठी आम्हाला दुसऱ्या शिक्षिका मिळाव्यात. खाली एकोणतीस सह्या. आमच्या शाळेत मुलांचा कुठलाही अर्ज वर्गशिक्षिकेच्या सहीशिवाय पुढे जात नाही, म्हणून तो माझ्यासमोर आला होता.

‘कारण’ या शब्दापुढची जागा कोरी होती.

“हे राहिलं,” मी म्हणाले.

ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. “मुद्दाम सोडलंय. मोठ्या बाईंना कळलं तर तुम्हाला बोलतील ना. वर्गात ठरलं, कारण नाही लिहायचं.”

आदल्या दिवशी मी या मुलांची फसवणूक केली होती आणि आज ती मला झाकायला बघत होती. मी पेन उचललं. कोऱ्या जागेत लिहिलं: मुलांचं खत फेकून मी विकतचं खत त्या जागी ठेवलं आणि परीक्षकांना खोटं सांगितलं. ढाल परत करावी. जागा पुरली नाही, शेवटचे शब्द समासात गेले. खाली सही केली.

तिने ते वाचलं. एकदा, मग पुन्हा.

“आण, मी नेऊन देते,” मी उठत म्हणाले.

“नको बाई,” ती हळूच म्हणाली. “आमचा अर्ज आहे. आम्हीच देतो.”