जेवणानंतरच्या प्रदक्षिणा

"साखर परत वाढली," दवाखान्यात अंकिता सिस्टर यंत्राकडे बघत म्हणाली. "जेवल्यावर चालता का?"

"चालते की. दोन्ही टायमाला."

"गोड?"

"न्हाय हो. च्यासुदिक बिनसाखरेचा."

महादेवी उठली, पुन्हा बसली. सातवा महिना लागल्यापासून तिला एका जागी बसवतच नव्हतं. पहिल्या खेपेला साखर कुणी तपासलीच नव्हती. दिवस भरून बाळ आलं, चांगलं मोठं, पण रडलं नाही.

"चालल्यानंच झालंय," सासू शिवम्मा म्हणाली. "मागच्या बारीलाबी ही लई हिंडली. म्हनून औंदा म्हनलं, चालायचंच तर बसवण्णाला प्रदक्षिणा घाल. मी कट्ट्यावर बसून बघते."

"चालल्यानं साखर उतरते, मावशी. पाय हलले की रक्तातली साखर खर्ची पडते. पण मग वाढते कशानं?" सिस्टर महादेवीकडे वळली. "देवळात काही खाता?"

शिवम्मा हसली. "देवळात कोन खातंय, बाई? परसाद घेतो निस्ता."

"कसला?"

"गूळ-खोबरं. पुजारी मूठभर देतो. माझाबी हिलाच देते. दोन जिवांची हाय न्हवं?"

"देवाचा असला तरी गूळच तो, मावशी."

शिवम्माचं हसू विरलं.

"मीच मागायची, सिस्टर," महादेवी घाईनं म्हणाली. "आत्या नगं म्हनायच्या."

शिवम्मानं कधीच नको म्हटलं नव्हतं. दोघींनाही ते ठाऊक होतं.

शिवम्मानं विचारलं, "मग मागच्या बारीला... ते चालल्यानं न्हवं?"

"चालल्यानं नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "आठवडाभर बघू. नाही उतरली तर इंजेक्शन सुरू करू."

संध्याकाळी जेवून दोघी देवळात गेल्या. पहिली प्रदक्षिणा होताच पुजारी रेवणप्पा प्रसादाची मूठ घेऊन पुढे आले. सवयीनं महादेवीचा हात पुढे झाला.

"साकु, अप्पा," शिवम्मा कानडीत म्हणाली. पुरे. तिनं गुळाचा एक कण तेवढा घेतला, सुनेच्या कपाळाला लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. मग कट्ट्याकडे न वळता, गुडघ्यावर हात ठेवून ती सुनेच्या मागं चालू लागली.

"तुमी बसा की, आत्या. गुडघं दुखत्याल."

"दुखू दे. तू चाल."

बसवण्णाच्या दगडी नंदीच्या मागच्या बाजूला महादेवी एकदम थांबली. हात पोटावर गेला. मागं शिवम्माही थांबली. तिचा हात सुनेच्या पाठीवर गेला.

"लाथ मारतंय, आत्या," म्हणत महादेवीनं पदर खोचला आणि पाऊल उचललं. तिच्या मागून शिवम्मानंही.