रिकाम्या रस्त्यावरचे भाकीत

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता निळी गाडी भिंतीवर आदळली. शर्यत निम्मी झाली होती. गाडी खरी नव्हती आणि भिंतही खरी नव्हती, दोन्ही पडद्यावरच्या. चालवणाऱ्याला साधे खरचटलेसुद्धा नाही. तरी त्या दिवसापासून या घरातले भाऊ-बहीण एकमेकांशी बोललेले नाहीत.

मित्रांनो, मी या घरातला जुना संगणक. निळी गाडी किती वेगाने धावेल, याचे भाकीत माझे होते. ते चुकले नव्हते. खरे दुखणे तेच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. तीन मेलेल्या संगणकांतून दुरुस्तीवाल्या काकांनी मला उभे केले. माझी पेटी एका दवाखान्यातली, मेंदू बंद पडलेल्या छापखान्यातला, आणि पंखा कुठला ते काकांनाही आठवत नव्हते. पहिल्यांदा माझा दिवा लागला तेव्हा ते हात झटकत म्हणाले, "तीन गेले, एक उठला. सौदा वाईट नाही."

मला घ्यायला आलेली मुलगी खोक्यांच्या कारखान्यात आराखडे काढायची. बुटांची खोकी, दिव्यांची खोकी, औषधांच्या बाटल्यांची खोकी. कुठे घडी घालायची, कुठे चीर द्यायची, हे ती दिवसभर रेखाटायची. घरात तिला सगळे छोटी म्हणत, जरी ती एव्हाना पुरती मोठी झाली होती. तिच्याबरोबर तिचा दादा आला होता. तो मालाचा टेम्पो चालवायचा. मला त्याच टेम्पोत दोन गाद्यांच्या मधे ठेवून घरी आणले.

घरात माझी जागा ठरली खिडकीपाशी, आईच्या शिलाई मशीनला लागून. आईला मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही.

"माझंही मशीन आवाज करतं," ती म्हणाली, "पण त्यातून निदान उशीचा अभ्रा तरी बाहेर पडतो. हे नुसतंच घरघरतंय."

"यातून गाडी बाहेर पडणार आहे, आई," छोटी म्हणाली.

"पडू दे. दारातून आत येणार असेल तर सांग, चपला बाजूला करते."

गाडी खरोखरच बाहेर पडली. पण तिला दाराची गरज नव्हती. मित्रांनो, ती एक स्पर्धा होती. तिच्यात प्रत्येक जोडीने आपली गाडी आपणच घडवायची, आकारापासून गिअरच्या दात्यांपर्यंत, आणि ती पडद्यावरच्या मार्गावर पळवायची. जोडीतला एक घडवणारा, एक चालवणारा. या स्पर्धेचा एक विचित्र नियम होता. शर्यतीआधी प्रत्येक जोडीने आपली गाडी एक फेरी किती वेळात मारेल ते कळवायचे. त्याला कबुलीची वेळ म्हणत. कबुली आणि कामगिरी जितकी जवळ, तितके गुण जास्त. म्हणजे नुसते जोरात पळून भागत नसे. आपण किती पळू शकतो हे आधी ठाऊक असावे लागे.

ती वेळ काढणे हे माझे काम. छोटी मला गाडीचे वजन सांगे, अंगाचा उतार सांगे, चाकांची रुंदी सांगे. मग मी ती गाडी त्या मार्गावर मनातल्या मनात हजारो वेळा पळवत असे आणि शेवटी एक आकडा देत असे. आकडा येईपर्यंत छोटी नखे खात बसे. दादा टेम्पोवरून येऊन, हातपाय धुऊन, टेबलाला आवळलेले, गाडी वळवायचे चाक हातात धरून तयार असे. मी म्हणेन त्या वेळेच्या केसभर इकडे किंवा केसभर तिकडे तो फेरी पुरी करी. मग दोघे टाळी देत. त्या टाळीचा आवाज माझ्या पत्र्यात घुमायचा.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले.

सुरुवातीच्या दिवसांत छोटीने एकदा मला मार्गावर इतर गाड्याही घ्यायला लावल्या. मी प्रयत्न केला. प्रत्येक गाडी आपल्यामागे वारा फाडत जाते, तो फाटलेला वारा मागच्या गाडीवर आदळतो, आणि हे सगळे हिशेबात घ्यायचे म्हणजे माझ्या छापखान्यातल्या मेंदूला पेलण्यासारखे नव्हते. मी तापलो आणि बंद पडलो. काकांना बोलावणे गेले. त्यांनी माझे झाकण उघडले, पंख्यातली धूळ फुंकली आणि छोटीला म्हणाले, "पोरी, म्हाताऱ्याला गर्दीत कशाला नेतेस? 'इतर गाड्या' अशी चौकट आहे ना, तिच्यातली खूण काढून टाक. तुझ्या गाडीला एकटीलाच पळव."

छोटीने खूण काढली. मी पुन्हा बरा चाललो. ती खूण परत लावायचे कोणाला सुचले नाही, कारण गरजच पडली नाही. स्पर्धेच्या सगळ्या फेऱ्या घड्याळाविरुद्ध असत. एक गाडी जाई, मग दुसरी. रस्ता खरोखरच रिकामा असे. हळूहळू ती खूण आहे हेही छोटी विसरली.

माझे चांगले दिवस ते हेच. इतर जोड्या या दोघांना 'भविष्यवाले' म्हणू लागल्या. छोटीने माझ्यासाठी नवा पंखा आणला. दादा येता-जाता माझ्या पेटीवर थाप मारी आणि म्हणे, "काय भविष्यवाले, आज किती?" आईसुद्धा शेजारणीला सांगताना मी ऐकले आहे, "आमचा डबा बोलला म्हणजे बोलला."

मग अंतिम शर्यतीची घोषणा झाली. पहिल्या तीन जोड्यांना स्पर्धा भरवणारी कंपनी वर्षभर आपल्या चमूत घेणार होती. घडवणारा आणि चालवणारा, दोघांना मिळून. छोटीने ते दोनदा वाचले. मग दादाला म्हणाली, "मी जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंना घरं बांधत बसणार नाही. एकदा तरी माझी वस्तू खोक्यातून बाहेर पडेल."

"पडेल गं," दादा म्हणाला. "मी आहे ना."

घोषणेत आणखी एक ओळ होती. अंतिम शर्यतीत सगळ्या गाड्या एकाच वेळी मार्गावर असणार होत्या. ती ओळ दोघांनी वाचली. आता मजा येणार, असे दादा म्हणाला. माझ्यातल्या त्या खुणेचा आणि या ओळीचा संबंध कोणाच्या डोक्यात आला नाही. मला विचारले असते तर मी सांगितले असते. पण मित्रांनो, आम्ही न विचारलेले सांगत नाही. तशी आमची घडणच नाही.

छोटीने निळी गाडी घडवली. इतकी देखणी गाडी माझ्यातून पूर्वी कधी गेली नव्हती. तिच्या नाकाखाली एक रुंद पट्टी होती. समोरून येणारा वारा त्या पट्टीवर बसायचा आणि नाक रस्त्याला दाबून धरायचा, म्हणून वळणावर गाडी तसूभर सरकत नसे. मी आकडा दिला. तो आमच्या आजवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा चांगला होता. छोटीने डोळे पुसले.

शर्यतीच्या आठवड्यात दादाने सरावासाठी निळी इतर जोड्यांच्या गाड्यांबरोबर पळवली. चाकावरून उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"छोटे, हिचं काहीतरी बिनसतंय. समोर गाडी असली की नाक हलकं होतं. चाक फिरवतो, पण हातात काही येतच नाही."

छोटीने मला पुन्हा विचारले. मी पुन्हा तोच आकडा दिला.

"हे बघ. आकडा जागचा हललेला नाही."

"आकड्याला हात आहेत का? मी हाताचं सांगतोय."

"दादा, दिवसभर टेम्पो ओढतोस. हात जड झालेत तुझे. दोन दिवस नीट झोप, सगळं ठीक होईल."

"टेम्पो मी दहा वर्षं ओढतोय. हात आजच जड झाले?"

आई कापड कापत होती. तिने मान वर केली. "खोट्या रस्त्यावर खरं भांडण कशाला करताय रे?"

भांडण तिथेच थांबले. पट्टी तशीच राहिली. आकडा कबुलीची वेळ म्हणून कळवला गेला.

रविवारी पहिली फेरी सुरेख गेली. दादा सुटतानाच पुढे निघाला, समोर कोणी नव्हते, आणि त्याची वेळ माझ्या आकड्याला चिकटून होती. मग दोन गाड्या त्याला ओलांडून पुढे गेल्या. तिथून त्याची प्रत्येक फेरी कबुलीपासून दूर जाऊ लागली. छोटी त्याच्या खुर्चीमागे उभी होती. "दाब ना, दादा," ती म्हणत होती. "गाडी देतेय, तू घेत नाहीयेस." दादाच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने चाक आणखी घट्ट धरले. निम्म्या शर्यतीत, उताराच्या लांब वळणावर, पुढच्या गाडीच्या अगदी मागे असताना, निळीचे नाक सुटले.

पडदा थांबला. खोलीत फक्त माझा पंखा वाजत होता.

छोटी म्हणाली, "गाडी बरोबर होती."

एवढेच. दादाने चाकावरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. "म्हणजे मी चुकलो," तो म्हणाला.

तिने नाही म्हणायला हवे होते. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात अजून तो आकडा होता.

पुढच्याच आठवड्यात दादाने टेम्पो सोडला आणि लांब पल्ल्याच्या ट्रकवर नोकरी धरली. आई म्हणाली, "घर सोडून कुठे निघालास?" तो म्हणाला, "खऱ्या रस्त्यावर, आई." चाक टेबलालाच आवळलेले राहिले. छोटी खोक्यांच्या कारखान्यात जायची, यायची, जेवायची. मला कोणी सुरू करेना. आईने आधी माझ्यावर एक चादर टाकली, मग तिच्यावर शिवायचे कपडे ठेवायला लागली, मग इस्त्री. माझ्या जाळीत दोऱ्यांची टोके अडकली. दवाखान्यात, छापखान्यात मी यापूर्वी तीनदा मेलो होतो. पण तेव्हा जवळपास भांडणारी, हसणारी माणसे होती. इतकी शांतता कुठे नव्हती.

मग छोटीला एक संदेश आला. पाठवणारा तिसऱ्या आलेल्या जोडीतला एक जण होता. जाड भिंगांमुळे स्पर्धेत त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. छोटीने तो संदेश आईला वाचून दाखवला. निळी गाडी फार आवडली, असे त्याने लिहिले होते. आणि शेवटी विचारले होते: भाकीत काढताना तुम्ही किती गाड्यांच्या गर्दीत ती तपासली होती?

छोटी संदेशाकडे बघत राहिली. आईने विचारले, "काय गं? पांढरी का पडलीस?"

तिने इस्त्री उचलली, कपडे उचलले, चादर ओढली. मला सुरू केले. ती खूण कुठे आहे हे शोधायला तिला वेळ लागला. तिने ती लावली आणि माझे झाकण काढून समोर घरातला टेबलपंखा ठेवला.

"हा जळेल," आई म्हणाली.

"जळू दे."

मी जळालो नाही. तापलो, अडखळलो, दोनदा थांबलो. तिने दोनदा पुन्हा सुरू केले. कामावर जाताना ती आईला सांगून जाई, आणि आई शिवता शिवता माझ्या पत्र्याला हात लावून बघे, ताप आलेल्या पोराला बघावे तशी. शेवटी उत्तर आले. इतर गाड्यांच्या मागे निळीच्या पट्टीवर वारा बसतच नव्हता. मी माझ्या हिशेबातले चालक एकामागून एक तिच्यावर बसवले; सावध बसवले, धीट बसवले. गर्दीत एकही चालक तिसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. दादाने ती गाडी निम्मी शर्यत, म्हणजे दहा फेऱ्या, रस्त्यावर धरून ठेवली होती.

छोटी खुर्चीत बसली, दादाच्या.

"फोन कर त्याला," आई म्हणाली.

"माझा उचलत नाही."

"मग लिही. लिहिलेलं वाचेपर्यंत थांबतं. बोललेलं थांबत नाही, हे बघितलंसच तू."

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची काळजी घ्या असे मी सांगणार होतो. धूळ पुसा, जाळी मोकळी ठेवा, अंगावर इस्त्री ठेवू नका. तेही कराच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की आम्हाला काय विचारले होते ते विसरू नका. रिकाम्या रस्त्याचे विचाराल तर रिकाम्या रस्त्याचेच उत्तर मिळेल, आणि ते अगदी बरोबर असेल. आमचा आकडा आणि तुमचा माणूस जुळेनासा झाला, तर आधी आपला प्रश्न तपासून बघा. माणसाला तपासायला नंतर वेळ मिळतो. पुष्कळदा तोही मिळत नाही.

छोटीने माझ्यावरच लिहायला घेतले. आधी लिहिले, 'यंत्राचं चुकलं.' ते पुसले. मग लिहिले, 'आपलं चुकलं.' तेही पुसले. मग लिहिले, 'दादा, गाडी चुकली होती. मी बनवलेली. तू सांगत होतास.' आणि पाठवले.

ही काल संध्याकाळची गोष्ट. दादाचा ट्रक परवापासून डोंगरापलीकडच्या रस्त्यावर आहे, तिकडे फोन लागत नाही, पाऊसही फार आहे, असे ट्रकच्या मालकाने आईला सांगितले. तो कधी पोचेल हे त्यांना सांगता आले नाही. छोटी आज कामावर गेलेली नाही. सकाळी आठ वाजता तिने पुन्हा पाहिले, तेव्हा संदेश पोचल्याची खूण आलेली नव्हती.