बाबांनी सुधारलेली सुरी

कुठलीही वस्तू आहे तशी राहू देणं बाबांना कधी जमलंच नाही. कारखान्यात लेथवर जन्म गेलेला माणूस. घरातली कात्री असो की खिडकीची कडी, त्यांचा हात फिरल्याशिवाय सुटायची नाही. त्यामुळे कोपऱ्यावर रोज उभा राहणारा एक माणूस पुन्हा कामाच्या ठिकाणापासून दारापर्यंत मागं आला, असं थोरल्या लेकीनं सांगितलं, तेव्हा बाबांनी तिच्या पिशवीतली सुरी मागून घेतली.

सुरी साधी, घडीची. थोरली गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची, रेक्झिन कापायला ती रोज लागायची. बाबांनी तिला स्प्रिंग बसवली. बटण दाबलं की पातं बाहेर. पात्याची बोथट पाठही घासून धारदार केली. थोरलीला हे नको होतं, पण बापाचा चेहरा बघून तिनं ती मुकाट्यानं पिशवीत टाकली.

कोणी म्हणेल, पोलिसांकडे जायचं. गेली होती की! हवालदारानं बसा म्हणायचं सोडून विचारलं, त्यानं हात लावला का? नाही ना, मग आम्ही काय करणार? आपली काळजी आपण घ्यावी. म्हणजे हात लागेपर्यंत बाईनं वाट बघायची, आणि लागला की आधी का नाही आलात म्हणून विचारायला हे मोकळे.

मग एका संध्याकाळी त्यानं गल्लीच्या तोंडाशी तिची वाट अडवली. थोरलीनं सुरी काढून बटण दाबलं. तो मागं सरकला आणि तडक चौकीत गेला. त्याची तक्रार मात्र लगेच लिहून घेतली गेली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला तिथं सगळ्यांना सवड होती.

थोरलीला बोलावणं आलं, तेव्हा बाबा सोबत गेले. फौजदार बरे वाटले. मिटलेली सुरी टेबलावर ठेवून ते म्हणाले की कामाची सुरी कामाच्या पिशवीत असणारच, वाट अडवली होती म्हणता तर समज देऊन सोडता येईल. थोरलीच्या जिवात जीव आला. एवढ्यावर गप्प बसायचं होतं. पण आपल्या कामाला कोणी साधं समजलेलं बाबांना कसं खपणार?

"बाजारातली नाही ही, साहेब," बाबा म्हणाले. "मी सुधारलीय. बटण दाबा, एका हातानं उघडते. धारही दोन्ही बाजूंनी दिलीय."

फौजदारांनी बटण दाबलं आणि त्यांचा सूरच बदलला. ही कामाची सुरी नव्हे, हे शस्त्र झालं. बाळगणारीवर गुन्हा आणि बनवणाऱ्यावरही.

"कायदा हातात घ्यायचा नसतो, ताई," हवालदार म्हणाला. तोच, काळजी घ्या म्हणणारा.

"मग तो कुणाच्या हातात आहे, तेवढं सांगा," थोरली म्हणाली.

बोलावू तेव्हा हजर राहण्याचा कागद पुढं आला, दोघांनी सह्या केल्या.

परतताना बाबांवर ओरडावंसं थोरलीला फार वाटत होतं. ते आपले खाली मान घालून चालले होते. कोपऱ्यावर तोच माणूस नेहमीच्या खांबाला टेकून उभा होता. त्यांना बघून तो अदबीनं बाजूला झाला.

"काका, सुरी ठेवून घेतली वाटतं त्यांनी?"

बाबा थांबले. थोरलीनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्यांना ओढतच पुढं नेलं. बाबांनी नुसती एक थप्पड मारली असती, तरी ती लिहून घ्यायला चौकीत वेळच वेळ होता.