खरी नक्कल

"काका, तुमच्या कोठडीत इतके लोक पाय घसरूनच कसे मरतात?" संशोधक बाईंनी विचारलं.

"फरशी गुळगुळीत आहे, मॅडम." बत्तीस वर्षं पोलिसांच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला असली उत्तरं तोंडपाठ असतात.

बाई हसल्या नाहीत. त्यांच्यापुढे मयतांची दोन रजिस्टरं उघडी होती. एक शंभर वर्षांपूर्वीचं, राजाच्या अमलातलं. त्यात सरळ लिहिलेलं, 'चाबकाच्या माराने मेला.' खाली मारणाऱ्या जमादाराचं नाव, सही. दुसरं आमचं.

"तेव्हा लाज नव्हती, म्हणून खरं लिहायचे," त्या म्हणाल्या. "आता लाज आली, तर पाय घसरायला लागले. ही सुधारणा म्हणायची का?"

मला कसलं विचारता, बाई. ठाण्यातून कच्चा मजकूर यायचा आणि साहेब तो रजिस्टरात उतरवायला माझ्यापुढे टाकायचे. माझं अक्षर चांगलं, तेच नडलं. चौदा वर्षांपूर्वी असाच एक कागद आला. नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. माझा मेहुणा. बायकोचा धाकटा, पाठचा भाऊ.

साहेब म्हणाले, "लिही मुकाट्यानं. की तुलाही आत जायचंय?"

लिहिलं, 'पाय घसरून मेला.' तेव्हापासून बायको विचारते, "अहो, तो कसा गेला, त्याचा कागद सापडला का?" मी म्हणतो, "शोधतोय." घरी तिची नजर, ऑफिसात ते कपाट. जायचं कुठे माणसानं?

बाईंना नेमकं तेच पान हवं होतं, पुस्तकात छापायला. झेरॉक्सवर 'खरी नक्कल' असं लिहून खाली मी सही करायची, ही आमची रीत. केली सही. मग म्हटलं, उद्या बायकोनं पुस्तकात बघण्यापेक्षा आज माझ्या हातून बघितलेलं बरं. आणखी एक प्रत काढली.

संध्याकाळी ती बायकोच्या हातात दिली. भावाचं नाव वाचायच्या आधीच तिनं अक्षर ओळखलं. लग्न ठरल्यावर मी पाठवलेली पत्रं अजून तिच्या ट्रंकेत आहेत.

"तुम्ही त्याला बघितलं होतं?"

"नाही गं. मी नुसतं लिहिलं."

तिनं कागद खिडकीशी नेला. एकेका ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. रडेल, ओरडेल, निदान कागद तोंडावर फेकेल म्हणून मी उभाच होतो.

"कुठे खाडाखोड नाही हो," ती म्हणाली.