तीन नंबरची बाटली

लोणकर सरांनी कृपाच्या उत्तरावर तांबड्या शाईची फुली मारली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"तीन नंबरच्या बाटलीत आम्ल होतं. विरल सल्फ्युरिक. तू अल्क लिहिलंस."

"सर, तांबडा लिटमस निळा झाला."

"बाकीच्या चौघांना आम्ल दिसलं. तुलाच बरं वेगळं दिसलं!"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. कृपाचे कान तापले. नगरच्या या हायस्कुलात विज्ञान घेतलेली ती एकटीच मुलगी. वडील पारनेरकडे मिशनच्या शाळेत मास्तर. पुण्याच्या कॉलेजची एकच शिष्यवृत्ती होती आणि ती आजच्या प्रयोगपरीक्षेवर ठरायची होती. उरलेले चौघे सरांच्या घरच्या शिकवणीला जात.

ती उठली. कपाटाजवळ उभ्या असलेल्या यशयाकाकांनी, प्रयोगशाळेच्या शिपायाने, न मागता तीन नंबरची बाटली टेबलावर आणून ठेवली.

"सर, तुम्हीच बघा."

"कुठल्या बाटलीत काय, ती यादी मला पाठ आहे."

"यादी नको. बाटली बघा."

तिचा आवाज चढला तसे शेजारच्या खोलीतून हेडमास्तर आले. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच लिटमसची पट्टी बुडवली. तांबडा कागद निळा पडला. त्यांनी थोडं द्रावण परीक्षानळीत ओतून जस्ताचा तुकडा टाकला. तुकडा तळाशी जाऊन नुसता बसला. एकही बुडबुडा आला नाही.

"धुण्याच्या सोड्याचं पाणी दिसतंय," हेडमास्तर म्हणाले. मग त्यांनी पोरांचे कागद उचलले. सूर्यभानच्या कागदावर सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: निळा लिटमस तांबडा झाला. जस्त टाकताच भरपूर बुडबुडे आले. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर, चौथ्यावरही.

सूर्यभान बाकावरचा डाग नखाने खरवडू लागला. आता हेडमास्तर पोरांना विचारतील, कृपाला वाटलं. आता विचारायलाच हवं.

हेडमास्तरांनी चारही कागद एकावर एक नीट रचले, मधोमध घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवले.

"बाटली कुणी भरली?"

"म्या," यशयाकाका म्हणाले. "चुकलं, साहेब."

"पोरांच्या आयुष्याशी खेळ आहे हा! परीक्षा रद्द. सोमवारी पुन्हा घेऊ, बाटल्या मी भरीन. आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

लोणकर सरांनी तेवढ्यात चष्मा पुसून घेतला.

यशयाकाकांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली आणि ते बाहेर पडले. कृपा त्यांच्यामागे धावली. व्हरांड्याच्या टोकाशी तिने त्यांना गाठलं.

"काका, न बघता लिहिलं त्यांनी आणि शिक्षा तुम्हाला? मी सांगते हेडमास्तरांना. पंधरा वर्षांत तुमची एक बाटली चुकली नाही!"

"न्हाईच चुकली."

ती थांबली.

"यादी सरांच्या घरला म्याच पोचवली हुती, परवा," ते हळू म्हणाले. "पोरं त्येंच्या वट्यावर बसून ती उतरून घेत हुती. ती म्या या डोळ्यांनी बघितली."

"मग हे आत येऊन सांगा! चला!"

"कुनाचं ऐकत्यात ते, शिपायाचं? तुझ्या कागदावं त्यांचा भरवसा बसंना, अन् माझ्या तोंडावं बसंल?" त्यांनी हाताच्या तळव्यावरचे जुने, पिवळे पडलेले आम्लाचे डाग धोतराला पुसल्यासारखं केलं. "म्या बाटली मुद्दाम बदलली म्हनून कळलं, तर तुलाबी सामील धरत्याल. मग सोमवार न्हाई अन् पुन्याचं कालेजबी न्हाई. चूक हाय, चूकच ऱ्हाऊ दे, पोरी."

ते पायऱ्या उतरले, फाटकाकडे वळले. कृपाच्या मुठी आवळलेल्या होत्या.

मागून हेडमास्तरांची हाक आली. "काय गं? अजून काही सांगायचंय?"

ती वळली. त्यांच्या खिशातून घडी घातलेल्या कागदांचं टोक बाहेर आलं होतं. तिने तिथून नजर उचलली नाही.

"नाही, सर," ती म्हणाली. "सोमवारी किती वाजता यायचं?"