विकतचा तेरडा

"ए दादा, ठेव त्या पेंड्या खाली!"

लडकू भर बाजारात ओरडला तसा महादू दचकला. थोरला भाऊ, पण काखेत तेरड्याच्या दोन पेंड्या धरून चोरासारखा उभा.

"दिघाशीचा मानूस भिवंडीत तेरडा इकत घेतो? आपली टेकडी मेली काय?"

"आज गवर आनायची हाय. पोरी वाट बघतान."

"टेकडीचं इचारतो मी!"

"मुरमाला दिली, खनून नेली," महादू पुटपुटला. "राहनाळला गोदामांची भरनी चाललेय. आन खडकच तो. काय पिकत व्हतं तिथं?"

"तेरडा पिकत व्हता, आंधळ्या!"

फुलवाली फिदकन हसली. मग महादूही तापला. "तुला रं काय त्याचं? अकरा वर्सांत एकदा तरी आलास गवरीला?"

हे मात्र वर्मी बसलं. आला नव्हता. शेठ सुट्टीच देत नव्हता. पण टेकडी तो रोज चढायचा, लूमवर उभ्या उभ्या, मनात. लूमच्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही; चार लूमांच्या मध्ये माणूस एकटाच. मग भादव्यातला तो उतार यायचा, गुडघाभर, गुलाबी. पुढं आई, तेरडा मुळासकट उपटत. पाळी कधी सरली कळायचं नाही. आता हे भावाला सांगायचं? बाजारात?

"घे, एक गोदूला ने," महादूनं पेंडी पुढं केली. "तुझी बायको तरी पुजंल."

लडकूनं ती हिसकावली. आपटायला हात वर नेला. पण हातात गवर होती. ती कशी आपटणार? त्यानं पेंडी सावकाश भावाच्या काखेत परत खोचली.

"इकतची गवर माझ्या घरात न्हाय."

दुपारपाळीला तो दात आवळून उभा राहिला. आज बघायचंच नाही, ठरवलं होतं. कसलं काय! अर्ध्या तासात उतार आलाच. सगळा. एक फूल कमी नाही. लडकूच्या तोंडावर हसू आलं, आणि त्या हसण्याचाच असा संताप आला की धागा तुटून लूम थांबताच त्यानं त्याच्या लोखंडावर मूठ हाणली.

पलीकडच्या जौनपूरवाल्यानं हातानंच विचारलं, क्या हुआ?

तुटलेला धागा लडकूनं त्याला लांबूनच दाखवला. मग सोललेल्या बोटांनी गाठ मारली आणि लूम चालू केला.