टेबल नंबर सातचं मशीन

लॅपटॉप काउंटरवर आला तेव्हाच मी ओळखला. झाकणाच्या कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, मीच लावलेला. मान वर केली, तर समोर साक्षात घड्याळ!

घड्याळ म्हणजे आमचे जुने सुपरवायझर. विम्याचे फॉर्म टाइप करायचं ऑफिस होतं आमचं. कोणाचे किती फॉर्म झाले, कोण किती मिनिटं नुसतं बसलं, सगळं मोजायचे, म्हणून हे नाव. मी वर्षभर सांगत होते, साहेब, माझं मशीन अडकतंय. एक दिवस अख्ख्या हॉलसमोर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे फिदीफिदी हसले. महिन्याभरात त्यांच्या सहीचं पत्र हातात पडलं: कामाचा वेग अत्यंत कमी, सबब सेवा समाप्त. ते पत्र बघून पुढे एकाही ऑफिसने मला दारात उभं केलं नाही. तेही गिळलं असतं हो. पण माझ्या सख्ख्या आईला ते पत्र खरं वाटलं! तेव्हापासून घरात मी गोगलगाय. भाजी चिरायला घेतली, की सुरी काढून घेते आणि म्हणते, "दे इकडे, तुझ्याने दुपार होईल."

शेवटी मामाने त्याच्या रिपेअरच्या दुकानात घेतलं. दोन वर्षं झाली.

घड्याळाने मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? माझ्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं मेल्याने. त्यांच्यासाठी मी टेबल नंबर सात.

"ताई, हे मशीन फारच स्लो आहे हो," ते अगदी काकुळतीला आले होते. "आता मलाही घरून फॉर्म टाइप करावे लागतात. ऑफिसच्या कपाटात पडलेलं हेच मिळालं. नव्या मॅडम म्हणतात, तुम्हीच हळू आहात. सोमवारी सुधारणा दाखवा, नाहीतर घरी बसा."

"मग सांगा ना त्यांना, मशीन खराब आहे म्हणून."

"सांगितलं. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. त्यात लिहिलंय, मशीन उत्तम स्थितीत."

"कोणी लिहिलंय?"

"मीच," ते काउंटरकडे बघत म्हणाले. "जुनी सही आहे माझी."

अग्गोबाई! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मामाच्या दुकानाचा नियम आहे. तक्रार गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने कार्डावर लिहायची, सही करायची, खाली कार्बन. मागाहून शब्द फिरवायला जागाच नको. मी कार्ड सरकवलं आणि म्हटलं, "सविस्तर लिहा. लाजू नका."

त्यांनी लिहिलं: सुरू व्हायला अकरा मिनिटं. एक फॉर्म सेव्ह व्हायला तीन मिनिटं. अशा मशीनवर कोणताही माणूस वेगाने काम करू शकणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझंच वाक्य होतं ते, जवळपास शब्दाला शब्द. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि ती अकरा मिनिटं पुरती बघायला लावली. चहाला जातो म्हणाले, तर म्हटलं, गिऱ्हाईक समोर लागतं. खरं तर असा काही नियम नाही.

मशीन उघडलं. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. मनात आलं, हीच पुसूनबिसून परत बसवावी. दोन दिवस पळेल आणि सोमवारी सकाळी आडवी होईल. हा विचार मला फार म्हणजे फारच आवडला. पण मग माझ्या पत्राचं काय? ते तसंच खरं राहिलं असतं.

मी नवी डिस्क घातली, मेमरी वाढवली, मशीनबरोबर आपोआप सुरू होणारा कचरा काढला. मिनिटं मोजायचा त्यांचा लाडका प्रोग्राम तर दोनदा घातलेला होता. आता मशीन चौदा सेकंदांत सुरू झालं.

"वा! काय भरभर काम आहे तुमचं!" घड्याळ म्हणालं. गोगलगायीला असं म्हणणारा पहिला माणूस हाच निघावा! "तेवढं एक पत्र द्या ना, दोष मशीनचा होता म्हणून."

"देते की."

मी छापून दिलं: डिस्क बिघडल्याची पहिली नोंद तीन वर्षांपूर्वीची आहे, तारखेनिशी मशीनमध्येच सापडली. तेव्हापासून या मशीनवर जो कोणी बसला तो हळू नव्हता. खाली माझी सही, आणि कंसात: पूर्वीचं टेबल नंबर सात.

ते वाचता वाचता थांबले. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ती तारीख काढा. मॅडम विचारतील, मग त्या मुलीला का काढलंत?"

"काढते. मग मशीन उत्तम होतं आणि तुमच्याकडे येऊन बिघडलं, असा अर्थ होईल. चालेल?"

कसं चालेल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं.

"सोमवारला दोन दिवस आहेत साहेब," मी म्हटलं. "सावकाश ठरवा."

ते वळताच दुसरी प्रत मी मॅडमच्या नावाने पाकिटात घातली. मशीन त्यांच्या ऑफिसचं, त्यांना कळायला नको?

संध्याकाळी कार्डाचा कार्बन आईसमोर ठेवला. ती भाजी चिरत होती. हात पुसून तिने चष्मा लावला, वाचलं, मग कपाटातून माझं ते जुनं पत्र काढलं आणि दोन्ही सह्या शेजारी धरून बराच वेळ बघत राहिली.

मग सुरी माझ्यापुढे सरकवली.

"घे," म्हणाली. "तूच चीर."